तीच चव

तोक्योत ओगिकुबो स्टेशनच्या उत्तरेच्या बाजूने बाहेर पडलं की ओउमे-काइदो नावाचा जुना हमरस्ता लागतो. त्या रस्त्यावर ‘हारुकिया’ आहे. १९४९ साली सुरू झालेलं रामेनचं दुकान. बारा वर्षांपूर्वी एका थंडीत मी तिथे पहिल्यांदा जेवलो होतो. यंदा पुन्हा जाणं झालं. बाहेर रांग होती, ती सरकत सरकत आत गेली, काउंटरशी जागा मिळाली, वाडगा समोर आला. मी पहिला घोट घेतला आणि मनात शब्द उमटले, ‘तीच चव!’

या दोन शब्दांचा अर्थ नीट कळायला मला तो सबंध वाडगा संपवावा लागला.

आधी तो वाडगा पाहू या. तपकिरी, नितळ रस. नितळ असला तरी पातळ वाटत नाही, कारण वर तेलाचा चकचकीत थर आहे. त्याखाली लाटालाटांच्या पिवळसर नूडल्स. वर डुकराच्या मांसाचे काप, आंबवलेले बांबूचे कोंब, चिरलेली कांद्याची पात आणि काठाशी टेकवलेला नोरीचा, म्हणजे सुकवलेल्या समुद्री शेवाळाचा, काळा चौकोन. बस, एवढंच. रामेन म्हटलं की आजकाल दुधासारखा दाट, हाडं तासन् तास उकळून काढलेला रस लोकांच्या डोळ्यांपुढे येतो. तो क्युशू बेटाकडचा. मला तोही आवडतो, पण दाट रसात कच्चं काम झाकून जातं. नितळ रसात काहीच झाकत नाही.

जुनी दुकानं या पदार्थाला ‘चुका सोबा’ म्हणतात, म्हणजे चिनी सोबा; सोबा ही जपानची बकव्हीटची नूडल. १९१० साली तोक्योच्या आसाकुसा भागात ‘राइराइकेन’ नावाचं दुकान निघालं, तिथे योकोहामाच्या चिनी वस्तीतून आणलेले आचारी होते. पण ओगिकुबोच्या वाडग्यात चिनी हाताइतकाच जपानी हातही आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर नागानोकडचे सोबा करणारे कारागीर या भागात रामेनकडे वळले. सोब्याचा माणूस हाडांच्या रसावर थांबत नाही, त्याला सुक्या मासळीचा अर्क लागतो. वाडगा नाकाशी आला की आधी ओळख पटते ती त्या मासळीची.

तिला निबोशी म्हणतात. बोटाएवढे मासे मिठाच्या पाण्यात उकळून वाळवलेले. बहुतेक वेळा हा मासा आपल्या मांदेलीच्या गोतातलाच असतो. माझं बालपण कोकणातलं. पावसाळ्याआधी डबे भरून ठेवलेल्या सुक्या मासळीचा वास मला परका नाही. आपण तो वास मिरची, चिंच, खोबरं यांच्या सोबतीने मोकळा सोडतो. इथे त्याला आवरून धरलेलं असतं. डोकी आणि पोटातली घाण ठेवली तर रस कडवट होतो, उकळी जास्त झाली तरी तेच. समुद्र आठवावा पण मासळीबाजार आठवू नये, इतक्याच अंतरावर तो वास उभा असतो. डुक्कर आणि कोंबडीच्या हाडांचा गोडवा त्याच्या मागून येतो.

मग घोट. रामेनचा रस एका पातेल्यातून येत नाही. वाडग्याच्या तळाशी आधी सोया सॉसचं घट्ट, खारं मिश्रण घालतात, त्याला ‘तारे’ म्हणतात. त्यावर उकळता रस पडतो. यात रसायनाची एक सुंदर गोष्ट आहे. १९०८ साली इकेदा किकुनाए यांनी कोंबू या समुद्री शेवाळातून ग्लुटामेट वेगळं काढलं आणि त्या चवीला ‘उमामी’ हे नाव दिलं. १९१३ साली त्यांचे शिष्य कोदामा शिंतारो यांना सुकवलेल्या बोनिटो माशात इनोसिनेट सापडलं. ही दोन द्रव्यं एकत्र आली की चव नुसत्या बेरजेपेक्षा कितीतरी पट वाढते. सोया सॉसमध्ये पहिलं भरपूर, निबोशीत दुसरं. कारागिरांना ही नावं माहीत नव्हती तेव्हाही त्यांनी दोघांची गाठ घालून दिली होती. जिभेला ते जाणवतं कसं? खारेपणा येतो आणि लगेच ओसरतो. त्याच्या जागी भरलेपणा येऊन बसतो, आणि घोट गिळल्यानंतरही तो उठत नाही.

वरचा तेलाचा थर ही डुकराची चरबी. ही इथली तर्रीच म्हणा, फक्त तिखट नाही. मिसळीच्या कटावरची तर्री डोळ्यांना आधी बोलावते. हा थर मात्र झाकणाचं काम करतो. त्याखाली रस इतका गरम राहतो की शेवटच्या घोटालाही जीभ सावध ठेवावी लागते. वाडग्यातून वाफ फारशी निघत नाही, म्हणून नवखा माणूस पहिल्या घोटाला पोळतो. मी बारा वर्षांपूर्वी पोळलो होतो. या वेळी फुंकर मारून प्यायलो.

नूडल्सचा पिवळेपणा अंड्याचा असेल असं पुष्कळांना वाटतं. तो कान्सुईमुळे येतो. कान्सुई म्हणजे क्षारांचं पाणी. उडदाच्या पिठाला आपण पापडखार लावतो, त्याच घराण्यातला प्रकार. गव्हाच्या पिठाला क्षार मिळाला की ते पिवळट होतं, ताणलं तर तुटत नाही, दाताखाली उसळी घेतं. लाटांमुळे प्रत्येक घासाबरोबर रस आणि थोडी चरबी वर चढते. हे सगळं नीट कळायचं तर भुरका मारायलाच हवा. ‘भुरका’ हा आपला शब्द इथे चपखल बसतो. कढी, आमटी भुरकताना हवा आत ओढली जाते, रस थोडा निवतो आणि वास घशाच्या मागून नाकात शिरतो. इथे नूडल्सबरोबर तेच घडतं. काउंटरवर सगळे भुरके मारत असतात आणि एकही माणूस बोलत नसतो.

बोलायला वेळच नसतो. रसात बुडालेली नूडल क्षणाक्षणाला पाणी पीत असते. ती मऊ पडली की जपानीत म्हणतात, ‘नोबिरु’, म्हणजे ती लांबली. पहिल्या घासाला कणा असतो, मधल्या घासांना रस मुरलेला असतो, शेवटच्या घासांत पिठाचा गोडवा रसात उतरलेला असतो. त्यामुळे फोटो काढत बसणाऱ्याला पहिली अवस्था मिळतच नाही. मला ती मधली सर्वांत आवडते. मिरपूडही मी तिथेच टाकतो, त्याआधी नाही.

आता ‘तीच चव’कडे येतो. रामेनच्या जाणकारांत ‘हारुकियाचा सिद्धांत’ म्हणून एक गोष्ट प्रसिद्ध आहे. गिऱ्हाइकाने ‘पूर्वीसारखीच छान आहे’ म्हणावं असं वाटत असेल, तर चव सतत सुधारत राहावी लागते.

याचा अर्धा भाग कुठलीही सुगरण सांगेल. यंदाची मिरची जहाल निघाली तर मसाल्यात ती कमी पडते, धण्यांचा वास उणा असेल तर मूठ वाढते. पीठ पावसाळ्यात वेगळं पाणी पितं आणि हिवाळ्यात वेगळं. मासळी दर खेपेला सारखी येत नाही. म्हणजे प्रमाण बदलल्याशिवाय चव राखता येत नाही.

पण उरलेला अर्धा भाग मला विलक्षण वाटतो. बदलते ती खाणाऱ्याची जीभही. १९४९ साली तोक्योत अन्नाची टंचाई होती. त्या काळातल्या माणसाला जो वाडगा स्वर्गीय वाटला, तोच जसाच्या तसा आज त्याच्यापुढे ठेवला तर तो म्हणेल, ‘चव गेली हो.’ कारण मधल्या काळात त्याने चांगलंचुंगलं खाल्लेलं असतं. शिवाय आठवण आहेच. ती जुन्या घासाला दर वर्षी थोडा आणखी गोडवा चढवत राहते. म्हणजे स्वयंपाक्याची खरी स्पर्धा शेजारच्या दुकानाशी नसते, ती समोर बसलेल्या माणसाच्या स्मरणाशी असते. आणि हे काम साधलं तर ते कुणाच्याच लक्षात येत नाही.

मी ‘तीच चव’ म्हणालो ते म्हणूनच. माझ्या बारा वर्षांत किती वाडगे झाले, जिभेला किती नव्या सवयी लागल्या! तरी या रसाने मला गाठलं. बारा वर्षांपूर्वीचा घोट आजच्या शेजारी ठेवता आला असता तर दोन्ही सारखे निघाले नसते, असं आता मला वाटतं.

शेजारी एक वृद्ध गृहस्थ बसले होते. त्यांनी नूडल्स माझ्या आधी संपवल्या, चॉपस्टिक्स खाली ठेवल्या, वाडगा दोन्ही हातांनी उचलला आणि डोळे मिटून रस तळापर्यंत प्यायले. मग रिकामा वाडगा काउंटरवर ठेवून जेवणाचे आभार मानत ते ‘गोचिसोसामा’ म्हणाले आणि टोपी घालून निघाले. त्यांच्या जागेवर लगेच दुसरं कुणी येऊन बसलं. माझ्या वाडग्यात चार घोट उरले होते, अजून गरम.