एका निर्णयाचें गद्य

दुखण्याविषयींचें वाङ्मय बहुधा दुखणें भोगून झाल्यावर लिहिलें जातें. इंग्रज कादंबरीकर्त्री फॅनी बर्नी हिनें १८११ सालीं पॅरिस येथें भुलीच्या औषधावांचून स्तनावरील शस्त्रक्रिया सोसली. तिनें बहिणीस लिहिलेलें तिचें वर्णन वाचतांना आजहि अंगावर कांटा उभा राहतो. पण तेथें निदान गांठ तरी होती. अमेरिकन नटी अँजेलिना जोली यांनीं १४ मे २०१३ च्या ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्यें ‘माय मेडिकल चॉइस’ हा निबंध लिहिला, त्यांच्यापुढें गांठ नव्हती, वेदना नव्हती. होता तो केवळ एक आंकडा. ‘बीआरसीए-१’ या जनुकांतील आनुवंशिक दोषामुळें स्तनाच्या कर्करोगाचा संभव शेंकडा ८७ व बीजकोशाच्या कर्करोगाचा शेंकडा ५० आहे, असें डॉक्टरांनीं सांगितलें, आणि बाईंनीं निरोगी स्तनांवर शस्त्रक्रिया करवून घेतली.

न आलेल्या रोगाची भीति गद्यांत उतरविणें कठीण. जोलीबाईंस तें साधलें, तें आईमुळें. आई ५६ व्या वर्षीं कर्करोगानें गेली. मुलें विचारतात, तुलाहि तसेंच होईल काय? त्या प्रश्नांतून निबंध सुरू होतो, आणि मग फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंतच्या उपचारांची हकीकत रोजनिशीच्या कोरडेपणानें येते. रडगाणें नाहीं, शौर्याचा टेंभाहि नाहीं. हा संयम मला फार आवडला.

मात्र त्या ८७ पाशीं लेखणीनें थोडें थांबावयास हवें होतें. सरासरी संभव शेंकडा ६५, व प्रत्येकीचा निराळा, एवढें बाई नोंदवितात व पुढें जातात. हा संभव किती वर्षांच्या अवधींतला? शस्त्र न लावतां वरचेवर तपासणी करून सावध राहण्याचा मार्गहि अशा स्त्रियांपुढें असतो. तो त्यांनीं कां सोडला? निबंधाच्या नांवांत ‘निवड’ आहे, आणि दुसरा पर्याय रंगभूमीवर येतच नाहीं! २०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणींत वयाच्या ८० व्या वर्षापर्यंतचा संभव सुमारें शेंकडा ७२ आढळला. त्यानें बाईंचा निर्णय चुकीचा ठरत नाहीं, ७२ हाहि भयंकरच. पण हाच दोष अंगीं असलेल्या, काय करावें या विवंचनेंत पडलेल्या एखाद्या वाचक मुलीला ८७ हें आपलेंच विधिलिखित वाटण्याचा धोका आहे.

मार्च २०१५ मधील ‘डायरी ऑफ अ सर्जरी’ हा त्यांचा दुसरा निबंध मला वाङ्मय म्हणून सरस वाटतो. रक्ततपासणींत शंका येते, पुढील तपासणीच्या निकालाची वाट पाहण्यांत दिवस जातात, निकाल निर्दोष येतो, आणि तरीहि त्या बीजकोश व बीजनलिका काढवून घेतात. येथें दुसरी वाट स्पष्ट दिसते. इतर स्त्रिया गोळ्या घेतात, वारंवार तपासणीवर विसंबतात, हें त्या मोकळेपणानें सांगतात. आणि गमावलेलेंहि लपवीत नाहींत: पुन्हां मूल होणार नाहीं, आणि रजोनिवृत्ति ३९ व्या वर्षींच आली.