दुर्मीळाची किंमत आणि लोकांची पसंती

एखाद्या समाजाची कला जगणारे लोक वेगळे आणि ती कला जपून ठेवणारे लोक वेगळे असले, म्हणजे त्या कलेचा इतिहास कोणाच्या आवडीनिवडीने लिहिला जातो? दलित वाङ्मयाच्या संदर्भात हा प्रश्न आपण अनेकदा विचारला आहे. पण त्याचे एक ठसठशीत रूप मला अमेरिकेत, जुन्या ग्रामोफोन तबकड्यांच्या दुकानांत पाहायला मिळाले.

एका चर्चासत्राच्या निमित्ताने मी शिकागोला गेले होते. दलित पँथरच्या स्थापनेपासून, म्हणजे १९७२ पासून, अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या लढ्याशी आपण आपले नाते सांगत आलो. त्यांच्या कविता व आत्मकथने आपण वाचली. ज्या वस्तूवरून त्यांचे गाणे त्यांच्या घराघरात पोहोचले, ती वस्तू हाती घेऊन पाहावी म्हणून मोकळ्या वेळात मी जुन्या तबकड्यांची दुकाने धुंडाळली. तेथे वस्तूंची मांडणीच बोलकी होती. भिंतीवर, काचेआड, मिसिसिपीतील एकट्या गिटारवादकांच्या ब्लूजच्या तबकड्या; किंमत विचारण्याचीही सोय नाही. खाली जमिनीवर, खोक्यांत, एकेका डॉलरला महालिया जॅक्सनची भक्तिगीते, रेव्हरंड सी. एल. फ्रँकलिन यांची प्रवचने, चर्चमधील गायकवृंद. वाजवून वाजवून झिजलेल्या. कोणाच्या तरी आजीने वेष्टनावर पेनाने आपले नाव घातलेले.

बाजाराचे गणित सरळ आहे. जे भरपूर खपले ते स्वस्त. जे खपले नाही ते दुर्मीळ, म्हणून महाग. याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. तक्रार सुरू होते ती बाजाराचा हा नियम कलेच्या मूल्यमापनाचा नियम होऊन बसतो तेव्हा. ब्लूजच्या बाबतीत नेमके हेच झाले, असे माझे मत आहे.

थोडा इतिहास पाहू. १९२० साली ओके कंपनीने मेमी स्मिथ हिचे ‘क्रेझी ब्लूज’ ध्वनिमुद्रित केले. ते इतके खपले की कृष्णवर्णीय हाही गिऱ्हाईक आहे, हे गोऱ्या कंपन्यांना प्रथमच उमगले. मग ‘रेस रेकॉर्ड्स’ या नावाने वेगळ्या याद्या निघाल्या. वस्ती वेगळी, शाळा वेगळी, तशी तबकडीही वेगळी. विस्कॉन्सिनमधील एक खुर्च्या बनवणारी कंपनी ग्रामोफोनच्या पेट्या करू लागली आणि त्यांच्या जोडीला तबकड्या काढू लागली; तीच पुढे प्रसिद्ध झालेली पॅरामाउंट. तिच्या जाहिराती ‘शिकागो डिफेंडर’ या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्रात येत. या तबकड्या लाखेच्या असत, आणि जगाला लाख पुरवणाऱ्यांत आपल्या छोटा नागपूरचे आदिवासी मोठ्या संख्येने होते. दोन्ही टोकांना कष्टकरी, मधे कंपनी.

या गिऱ्हाइकाने काय विकत घेतले? बेसी स्मिथला घेतले, लेरॉय कारला घेतले. अटलांटाचे प्रवचनकार जे. एम. गेट्स यांना घेतले. त्यांच्या प्रवचनांच्या दोनशेहून अधिक बाजू ध्वनिमुद्रित झाल्या. सन हाउस (१९३०) आणि स्किप जेम्स (१९३१) यांनी पॅरामाउंटसाठी जे गायिले, ते मात्र मंदीच्या काळात फारसे कोणी घेतले नाही. कंपनीही त्याच दशकात बुडाली.

पुढे १९४०च्या दशकापासून न्यूयॉर्क आणि आसपासच्या काही गोऱ्या तरुणांनी या जुन्या तबकड्यांचा शोध सुरू केला. त्यांतला जेम्स मॅक्यून ब्रुकलिनमधील वसतिगृहाच्या एका खोलीत राही आणि आपला संग्रह खाटेखाली पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवी. श्रीमंताचा शौक म्हणून ही गोष्ट उडवून लावता येणार नाही. दक्षिणेत जाऊन कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांत दारोदार ‘जुन्या तबकड्या आहेत का’ असे विचारत फिरणारे संग्राहकही होते. पॅरामाउंटचे मूळ साचे नष्ट झाले होते. चार्ली पॅटनचा आवाज आज ऐकू येतो तो या लोकांच्या वेडामुळे. हे ऋण नाकारणे कृतघ्नपणाचे होईल.

पण जपणे वेगळे आणि न्याय करणे वेगळे. १९५९ साली सॅम्युअल चार्टर्स यांचे ‘द कंट्री ब्लूज’ हे पुस्तक आले. चार्टर्स स्वतः गोरे; तरीही कृष्णवर्णीय गिऱ्हाइकांनी ज्यांना उचलून धरले त्या गायकांना त्यांनी पुस्तकात मोठे स्थान दिले. संग्राहक चिडले. श्रेष्ठ कोण हा प्रश्न आहे, कोण खपला हा नव्हे, अशी मॅक्यूनची भूमिका होती. लवकरच ‘ओरिजिन जॅझ लायब्ररी’ या संग्राहकांच्या छोट्या कंपनीने एक तबकडी काढली आणि तिचे नाव चार्टर्सना टोला म्हणून ठेवले ‘रीअली! द कंट्री ब्लूज’. म्हणजे खरा ब्लूज हा! १९६१ साली कोलंबियाने रॉबर्ट जॉन्सनची तबकडी काढली. हा गायक १९३८ सालीच वारला होता. नव्या तबकडीने त्याला ‘राजा’ ही पदवी दिली. त्या राजाची प्रजा कोण होती, हे मात्र कोणी विचारले नाही. पुढे किमतीही त्याच दिशेने चढल्या. २०१३ साली टॉमी जॉन्सनची एक पॅरामाउंट तबकडी लिलावात ३७ हजार डॉलरहून अधिक किमतीला गेली.

त्या प्रजेचा पुरावा उपलब्ध आहे. १९४१-४२ साली फिस्क या कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठाने लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या साहाय्याने मिसिसिपीतील कोहोमा परगण्याची पाहणी केली. क्लार्क्सडेल गावातील कृष्णवर्णीयांच्या खानावळी-गुत्त्यांतील ज्यूकबॉक्समध्ये कोणती गाणी आहेत, याची यादी लुइस जोन्स या संशोधकाने केली. तिच्यात काउंट बेसी आहे, लुइस जॉर्डन आहे, फॅट्स वॉलर आहे, गोऱ्या वाद्यवृंदांचीही गाणी आहेत. चार्ली पॅटन नाही, रॉबर्ट जॉन्सन नाही. आणि हे ऐन डेल्टात, त्यांच्याच भूमीत! याच पाहणीत ट्रॅक्टर चालवणारा मडी वॉटर्स प्रथम ध्वनिमुद्रित झाला. तो जीन ऑट्री या गोऱ्या काउबॉयची गाणीही म्हणत असे. संग्राहकाला हा गायक ‘अस्सल’ वाटला असता काय?

या पाहणीचे पुढे जे झाले, ते आपल्या वाचकाला परके वाटणार नाही. जॉन वर्क, लुइस जोन्स आणि सॅम्युअल अ‍ॅडम्स या तिघा कृष्णवर्णीय अभ्यासकांचे लेखन त्यांच्या हयातीत ग्रंथरूपाने आले नाही, हस्तलिखिते हरवली. त्यांचे गोरे सहकारी अ‍ॅलन लोमॅक्स यांचा त्याच प्रदेशावरचा ग्रंथ १९९३ साली आला आणि त्याला मानाचा पुरस्कार मिळाला. तिघांचे लेखन ‘लॉस्ट डेल्टा फाउंड’ या नावाने प्रसिद्ध व्हायला २००५ साल उजाडले. आवाज जपला गेला, आवाजाचा अर्थ लावणारा घरचा माणूस मात्र दप्तरात गाडला गेला.

१९६४चा जून महिना पाहा. उत्तरेतील गोऱ्या तरुणांच्या दोन तुकड्या त्या महिन्यात निघाल्या. एक तुकडी कृष्णवर्णीयांची मतदार म्हणून नोंदणी करण्यासाठी मिसिसिपीत उतरली. २१ जूनला तिच्यातील गुडमन व श्वर्नर आणि त्यांचा कृष्णवर्णीय सहकारी चेनी यांचे खून झाले. दुसरी तुकडी जुन्या तबकड्यांवरील हरवलेले गायक शोधत होती. तिला स्किप जेम्स मिसिसिपीतील एका इस्पितळात सापडला, आणि मिसिसिपीत शोधून न सापडलेला सन हाउस न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टरमध्ये. दोन्ही तुकड्यांच्या सद्हेतूविषयी मला शंका नाही. पण त्या वर्षी कृष्णवर्णीय तरुण काय ऐकत होता? तो शिकागोच्या ‘इम्प्रेशन्स’चे ‘कीप ऑन पुशिंग’ ऐकत होता, मोर्चात स्वातंत्र्यगीते म्हणत होता. पुढे पाहणाऱ्या समाजाच्या कानात एक गाणे होते आणि त्या समाजाचे ‘खरे’ गाणे म्हणून जगापुढे मांडले जात होते ते दुसरेच: एकट्याचे, उदास, पराभूत. ही उदासी खोटी नव्हती. पण तेवढीच खरी मानणे, यात बघणाऱ्याची गरज अधिक आहे.

एलायजा वॉल्ड आणि मेरीबेथ हॅमिल्टन या अभ्यासकांनी अलीकडे या अभिरुचीची चिकित्सा केली आहे. तिला एक पुस्ती जोडावीशी वाटते. लोकांची पसंती हीसुद्धा निखळ नसते. कंपनी जे काढील तेच गिऱ्हाइकाला मिळते. १९२१ साली हॅरी पेस यांनी ‘ब्लॅक स्वान’ ही कृष्णवर्णीयांची स्वतःची तबकडी कंपनी काढली. तिच्या संचालकांत डब्ल्यू. ई. बी. दुबॉइस होते; डॉ. आंबेडकरांनी १९४६ साली ज्यांना पत्र लिहिले, तेच दुबॉइस. या कंपनीने ब्लूज काढला, तसेच ऑपेराही काढला, कारण कृष्णवर्णीय गळा अभिजात संगीत गाऊ शकतो हे मान्य करायला गोऱ्या कंपन्या तयार नव्हत्या. ही कंपनी फार टिकली नाही. १९२४ साली तिची यादी पॅरामाउंटकडे गेली. अस्सलतेच्या शोधात निघालेल्याला त्या ऑपेराच्या तबकड्या गोऱ्यांची नक्कल वाटतात. आपल्या कवीने प्रेमावर वा निसर्गावर लिहिले की ‘यात दलितपण कोठे आहे?’ असे विचारणारा समीक्षक याच कुळातला.

म्हणून खप हाच श्रेष्ठतेचा निकष, असे मी म्हणत नाही. तसे म्हटले तर संग्राहकाची गादी काढून दुकानदाराला बसवल्यासारखे होईल. माझे म्हणणे एवढेच की समाजाने एखादे गाणे का उचलले, कोणत्या प्रसंगी वाजवले, त्यातून कोणते बळ घेतले, याचा विचार केल्याशिवाय त्या समाजाच्या कलेचे मोल ठरवू नये.

आता घराकडे वळू. दलित साहित्य म्हणताच विद्यापीठीय चर्चेत प्रथम येतात ती आत्मकथने: ‘बलुतं’ (१९७८), ‘उपरा’ (१९८०), ‘अक्करमाशी’ (१९८४). त्यांचे मोल वादातीत आहे. पण आपल्या वस्त्यांत त्याच काळात काय वाजत होते? भीमराव कर्डकांच्या जलशांपासून निघालेली परंपरा वामनदादा कर्डकांच्या गीतांतून, प्रल्हाद शिंदे आणि विठ्ठल उमप यांच्या आवाजांतून तबकड्यांवर व कॅसेटींवर आली आणि १४ एप्रिलला, लग्नात, बारशाला, दीक्षाभूमीवर आणि चैत्यभूमीवर वाजली. ज्यांना ‘बलुतं’ वाचता येत नव्हते, त्यांना ही गीते पाठ होती. त्यांत केवळ दुःख नव्हते. कृतज्ञता होती, मिरवणूक होती, ‘आम्ही माणूस झालो’ असा आनंद होता. या गीतांचा अभ्यास अलीकडे सुरू झाला आहे, पण ‘प्रचारकी’, ‘सिनेमाच्या चालीवरची’ हे शेरे अजून पुसले गेलेले नाहीत. मडी वॉटर्सने काउबॉयचे गाणे घेतले, आपल्या शाहिराने सिनेमाची चाल घेतली. ज्याचा कान जगाकडे उघडा असतो तो असेच करतो. बाहेरच्या वाचकाला आपली जखम हवी असते. आपला जल्लोष त्याच्या संग्रहात बसत नाही.

यावर उपाय आपल्याच हाती आहे. कॅसेटींच्या फिती खराब होत आहेत, तबकड्या भंगारात जात आहेत. महाविद्यालयांतील आपल्या विद्यार्थ्यांनी आपापल्या वस्तीतील घरोघरीच्या कॅसेटींची आणि तबकड्यांची यादी करावी: कोणते गीत, कोणाचे, केव्हा घेतले, कोठून घेतले, कोणत्या दिवशी वाजत असे, कोणाला पाठ आहे. दुर्मीळ काय, हा प्रश्न शेवटी विचारावा. जे प्रत्येक घरात होते त्याची नोंद आधी व्हावी, कारण सर्वांकडे असलेली वस्तू कोणीच जपत नाही. हे काम आपण केले नाही, तर उद्या कोणी तरी शोधक येईल, मनापासून येईल, त्याला हवे ते उचलील आणि आपल्या नातवंडांना सांगेल की तुमचे खरे गाणे हे होते. त्याला उत्तर द्यायला आपली यादी आपल्या हाती असली पाहिजे.