‘एकच प्याला’: प्रतिज्ञा आणि मंडळ

राम गणेश गडकरी यांच्या ‘एकच प्याला’ या नाटकाची चर्चा बहुधा सुधाकराच्या अधःपाताभोवती फिरते. परंतु या उतारावर एक चढणही आहे. सुधाकर मध्यंतरी मद्यत्यागाची प्रतिज्ञा करतो आणि ती मोडते. ती का मोडते, या प्रश्नात नाटकाचे मर्म दडलेले आहे.

सुधाकराचा निश्चयच दुबळा होता, हे उत्तर सोपे असले तरी संहितेला न्याय देणारे नाही. त्याची प्रतिज्ञा ढोंगी नाही. दारू सोडून तो कामाच्या शोधात प्रतिष्ठितांच्या दारी जातो; तेथे अव्हेर पदरी पडतो आणि तो पुन्हा प्याल्याकडे वळतो. येथे रचनेतील एक पुनरावृत्ती ध्यानी घ्यावयास हवी. पहिला प्यालाही अपमानातूनच ओठी आलेला असतो: न्यायालयातील खटका, सनद गमावणे आणि मनाची आग विझविण्यासाठी तळीरामाने सुचविलेला उपाय. दोन्ही वेळी घाव अभिमानावरच बसतो. विशेष म्हणजे प्रतिज्ञेलाही आधार असतो तो त्याच अभिमानाचा. जे मर्मस्थान, तेच आधारस्थान झाले. मग पुढच्या घावासरशी सारेच कोसळावे, यात नवल नाही.

याच्या उलट बाजूस तळीरामाचे ‘आर्य मदिरा मंडळ’ आहे. त्याकडे केवळ विनोदाची सोय म्हणून पाहणे अपुरे ठरेल. व्यसनाला येथे सभासद आहेत, बैठक आहे, स्वतःची परिभाषा आहे, स्खलनशीलाला सामावून घेणारी थट्टा आहे. व्यसनमुक्तीपाशी काय आहे? रामलालाजवळ उपदेश आणि सिंधूजवळ क्षमा. दोन्ही थोर, पण समदुःखी माणसाची सोबत त्यांत नाही. पिणारा मंडळात आहे, सोडणारा एकटा आहे. नाटकाची शोकात्मता या विषमतेत आहे.

गडकऱ्यांचे निधन २३ जानेवारी १९१९ रोजी सावनेर येथे झाले. व्यसनी माणसांनी एकमेकांच्या आधाराने मुक्त राहावे, या विचाराला संघटित रूप देणारी ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ ही चळवळ अमेरिकेत १९३५ साली उभी राहिली. पुण्यात अनिल व सुनंदा अवचट यांचे ‘मुक्तांगण’ १९८६ साली सुरू झाले. आजन्म शपथेऐवजी आजचा एक दिवस, आणि एकाकी निग्रहाऐवजी नियमित मेळावा, हा या चळवळीचा मार्ग होय. तळीरामाने जे व्यसनाला दिले, तेच तिने मुक्तीला दिले, असे म्हणता येईल.

वर्धा जिल्ह्यात १९७५ पासून दारूबंदी आहे. त्या जिल्ह्यातील, पुलगावलगतच्या नाचणगावच्या वाचकाला हे नाटक म्हणूनच वेगळा प्रश्न विचारील. कायदा गुत्ता बंद करू शकतो, आणि ते मोलाचेच आहे. पण सोडण्याचा निश्चय केलेला माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी कोणाकडे जाणार, कोणत्या कामाला लागणार, आणि पाय घसरलाच तर पुन्हा कोणाच्या दारी उभा राहणार, याचे उत्तर कायद्याच्या कलमांत सापडत नाही. सुधाकराला मार्ग निवडता आला होता. त्या मार्गावर चालताना त्याच्या बरोबरीने चालणारे कोणी नव्हते. त्याच्या नाशाचा दोष केवळ त्या एका प्याल्यावर टाकणारी समीक्षा, त्याला दारातून परतविणाऱ्या प्रतिष्ठितांना मात्र निर्दोष सोडते.