दैनंदिन निसर्गभ्रमंतीच्या नोंदी आणि त्यांचा वाचकसमूह : गिल्बर्ट व्हाइट, दुर्गा भागवत व मारुती चितमपल्ली यांच्या लेखनाच्या संदर्भात

प्रस्तावना :

मराठी ललित गद्याच्या समीक्षेत निसर्गलेखनाचा विचार बहुधा शैलीच्या अंगाने झालेला आहे. 'चित्रमय भाषा', 'संवेदनशील मन', 'निसर्गाशी तादात्म्य' ही विशेषणे एका लेखकाकडून दुसऱ्या लेखकाकडे सहज सरकवली जातात आणि पदव्युत्तर वर्गातील उत्तरपत्रिकांतही तीच उमटतात. रोज पायी हिंडणारा, पाहिलेले टिपून ठेवणारा आणि ते इतरांपर्यंत पोहोचवणारा लेखक काही कल्पनाविलासच करीत नसतो. तो एक विधान करीत असतो. अमुक ठिकाणी, अमुक दिवशी, अमुक घडले, असे ते विधान असते. ते कोणाला उद्देशून केले आहे आणि ते चुकले तर कोण दुरुस्त करणार, हे प्रश्न शैलीच्या चर्चेत मागे पडतात.

प्रस्तुत लेखात या प्रश्नांच्या आधारे तीन लेखकांचा विचार केला आहे. अठराव्या शतकातील इंग्लंडमधील गिल्बर्ट व्हाइट हा या लेखनप्रकाराचा आद्य नमुना मानला जातो. 'ऋतुचक्र' (1956) लिहिणाऱ्या दुर्गा भागवत आणि अरण्यलेखनाला मराठीत प्रतिष्ठा देणारे मारुती चितमपल्ली (1932-2025) यांचे लेखन त्याच्याशी ताडून पाहिल्यास मराठी परंपरेचे सामर्थ्य व तिच्या उणिवा अधिक स्पष्ट होतात.

पत्ररूप आणि दुरुस्तीची शक्यता :

गिल्बर्ट व्हाइट (1720-1793) हा हॅम्पशायरमधील सेलबोर्न या खेड्यातील धर्मोपदेशक होता. त्याच्या 'द नॅचरल हिस्टरी अँड अँटिक्विटीज ऑफ सेलबोर्न' (1789) या ग्रंथाच्या निसर्गविषयक भागात एकशे दहा पत्रे आहेत. त्यांपैकी 44 पत्रे थॉमस पेनंट या प्राणिशास्त्रज्ञाला व 66 पत्रे डेन्स बॅरिंग्टन या कायदेपंडिताला उद्देशून आहेत. बॅरिंग्टनने छापवून घेतलेल्या रकान्यांच्या वहीत व्हाइट 1768 पासून मृत्यूपर्यंत हवामान, पहिले फूल, पहिला पक्षी यांच्या नोंदी करीत राहिला. पत्रांचे मूळ या रोजच्या नोंदींत आहे.

पत्ररूपामुळे व्हाइटच्या लेखनाला एक विशिष्ट शिस्त आली. पत्राचा वाचक नावाने ठाऊक आहे, जाणकार आहे आणि तो उलट प्रश्न विचारू शकतो. त्यामुळे 'पाहिले', 'ऐकले' आणि 'वाटते' यांतील भेद व्हाइट सहसा पुसू देत नाही. दिसायला जवळजवळ सारखे असलेले वटवट्या कुळातील तीन लहान पक्षी त्याने प्रामुख्याने त्यांच्या आवाजावरून वेगळे ओळखले आणि ही माहिती 1768 मध्ये पेनंटला कळवली. हे त्या शिस्तीचे उत्तम उदाहरण होय. पाकोळीवर्गीय पक्ष्यांवरील त्याचे लेख बॅरिंग्टनच्या मध्यस्थीने रॉयल सोसायटीपर्यंत पोहोचले. खेड्यातील एका माणसाची भ्रमंती अशा प्रकारे एका विद्वत्समूहाची ठेव झाली.

मात्र समूह नेहमीच सत्याकडे नेतो असे नाही. हिवाळ्यात पाकोळ्या स्थलांतर करतात की इथेच कोठे दडून राहतात, हा त्या काळातील वादाचा विषय होता. जिब्राल्टर येथे राहणाऱ्या जॉन या भावाने सामुद्रधुनी ओलांडणाऱ्या पक्ष्यांविषयी कळवले तेव्हा व्हाइटने स्थलांतर मान्य केले, परंतु काही पक्षी मागे राहून निद्रिस्त होत असावेत ही शंका त्याने अखेरपर्यंत सोडली नाही. स्वतः बॅरिंग्टनच स्थलांतराविषयी साशंक होता, हे येथे लक्षात घ्यावे लागते. पत्रमित्र चूक दुरुस्त करतो तसा तो चुकीला आधारही देतो.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. पेनंटला लिहिलेली म्हणून छापलेली पहिली नऊ पत्रे कधी पाठवलीच गेली नव्हती. ती ग्रंथाची प्रस्तावना म्हणून नंतर रचलेली आहेत. म्हणजे पत्ररूप ही काही अंशी वाङ्मयीन रचनाच होय. तथापि तिच्यातून मिळालेली तारीख-वार नोंदण्याची सवय खरी आहे.

तारखेचे मोल :

या सवयीचे मोल 1783 च्या उन्हाळ्याच्या वर्णनात दिसते. त्या वर्षी 23 जून ते 20 जुलै या काळात आकाशात विचित्र धुके पसरले होते आणि भर दुपारचा सूर्यही निस्तेज दिसत होता, असे व्हाइट नोंदवतो. आइसलंडमधील लाकी ज्वालामुखीचा उद्रेक त्याच वर्षी 8 जूनला सुरू झाला होता. व्हाइटला हा कार्यकारणभाव ठाऊक नव्हता. त्याने अर्थ न कळताही दिवस नोंदवले, म्हणूनच पुढील अभ्यासकांना त्या वर्णनाचा अर्थ लावता आला.

अमेरिकेतील हेन्री डेव्हिड थोरो याच्या बाबतीतही हेच घडले. थोरोने आपली भ्रमंती कॉंकर्डच्या नागरिकांपुढे व्याख्यानरूपाने मांडली. 'वॉकिंग' हा त्याचा निबंध 1851 पासून व्याख्यान म्हणून दिला गेला व मृत्यूनंतर 1862 मध्ये छापला गेला. परंतु फुले केव्हा उमलली याच्या त्याच्या खाजगी नोंदी दीड शतकानंतर उपयोगी पडल्या. अब्राहम मिलर-रशिंग व रिचर्ड प्रिमॅक यांनी 2008 मध्ये त्या नोंदी आधुनिक निरीक्षणांशी ताडल्या, तेव्हा कॉंकर्डमधील अनेक वनस्पती सरासरीने सुमारे सात दिवस आधी फुलू लागल्याचे आढळले.

'ऋतुचक्र' : महिन्यांचा काळ

या पार्श्वभूमीवर 'ऋतुचक्र'कडे पाहिले असता एक मूलभूत फरक जाणवतो. दुर्गा भागवत यांनी चैत्र ते फाल्गुन अशी भारतीय महिन्यांची चौकट स्वीकारली आहे. या चौकटीत एका विशिष्ट वर्षाचा वृत्तान्त येत नाही. अनेक वर्षांच्या पाहण्याचे सार त्या त्या महिन्याच्या नावाखाली एकवटते. लोकसाहित्य व संस्कृत वाङ्मय यांचा व्यासंग असलेल्या लेखिकेला महिन्याच्या नावासोबत सण, व्रते, कथा व कवींचे संकेत आपसूकच मिळतात.

या निवडीची किंमतही आहे. चांद्र महिना सौर ऋतूशी घट्ट बांधलेला नसतो. गुढीपाडवा 2023 मध्ये 22 मार्चला आला, तर 2024 मध्ये 9 एप्रिलला. हे अंतर अठरा दिवसांचे आहे. कॉंकर्डमध्ये दीड शतकात घडलेला बदल मात्र सात दिवसांचा आहे. म्हणजे 'चैत्रात अमुक झाड फुलते' या विधानात वर्ष नसेल, तर हवामानबदलाची खूण त्यात सापडणे जवळजवळ अशक्य होते.

यावरून 'ऋतुचक्र' उणे ठरवणे अन्यायाचे होईल. लेखिकेला पंचांग लिहावयाचे नव्हते. निसर्गाविषयीचे काव्यसंकेत आणि डोळ्यांनी पाहिलेला निसर्ग यांना समोरासमोर आणणे हे तिचे कार्य होते. पानगळ व पालवी, होरपळ व बहर एकाच वेळी नांदतात हे तिने मराठी वाचकाला पाहावयास शिकवले. परंतु तिचा वाचक पत्रमित्र नाही, तो रसिक आहे. रसिक दाद देतो. 'आमच्याकडे यंदा असे घडले नाही' असे तो कळवत नाही, आणि कळवले तरी ते ग्रंथात शिरण्याची वाट या निबंधप्रकारात नाही.

चितमपल्ली : वाटाड्यांचा समूह

मारुती चितमपल्ली यांच्या लेखनात समूहाचे स्थान पुन्हा बदलते. वनखात्यातील नोकरीमुळे भ्रमंती हा त्यांचा दिनक्रमच होता. कर्नाळा, नवेगावबांध, नागझिरा, मेळघाट या प्रदेशांतील निरीक्षणांतून 'पक्षी जाय दिगंतरा', 'रानवाटा', 'नवेगावबांधचे दिवस' आदी पुस्तके सिद्ध झाली. येथे समूह लेखनानंतर येत नाही, तो लेखनाच्या आधीपासून सोबत आहे. नवेगावबांधचे माधवराव पाटील, मच्छीमार, आदिवासी वाटाडे यांच्याकडून मिळालेले ज्ञान या लेखनाच्या मुळाशी आहे. बगळ्यांच्या वसाहतीसाठी 'सारंगागार', कावळ्यांच्या वसाहतीसाठी 'काकागार' असे शब्द त्यांनी मराठीत रूढ केले. परिभाषा केवळ इंग्रजीतून उसनी घ्यावी लागत नाही, हे त्यातून सिद्ध झाले.

तथापि स्वतः पाहिलेले, वाटाड्याने सांगितलेले आणि संस्कृत ग्रंथात आढळलेले यांच्या सीमारेषा या लेखनात कित्येकदा पुसट होतात. लोकसमजूत ही समजूत म्हणून मोलाची असते. ती निरीक्षणाच्या सुरात सांगितली गेली की तिचे मोल आणि निरीक्षणाची विश्वासार्हता, दोन्हींना धक्का बसतो. शिवाय ज्ञान देणारा माणूस नावानिशी न येता 'एक गोंड म्हातारा' अशा रूपात येतो, तेव्हा त्याला दुरुस्तीचा हक्कही राहत नाही. व्हाइटचे पत्रमित्र सुशिक्षित होते म्हणून त्यांची नावे इतिहासात राहिली. सेलबोर्नच्या ज्या गावकऱ्यांनी त्याला पक्षी व घरटी आणून दिली, ते तेथेही बहुतांशी अनामच आहेत. ही उणीव केवळ मराठीची नाही.

निष्कर्ष :

1. निसर्गभ्रमंतीच्या लेखनाचे स्वरूप ते ज्या समूहासाठी लिहिले जाते त्यावर मोठ्या प्रमाणात अवलंबून असते. प्रश्न विचारणारा वाचक नोंद काटेकोर करतो, तर रसिक वाचक तिला अनुभवाची खोली देण्यास वाव देतो.

2. तारीख व स्थळ हे ललित गद्यातील रुक्ष तपशील नव्हेत. लेखकाला न कळलेला अर्थ पुढील पिढीला कळण्याची शक्यता त्यांच्यामुळेच टिकते.

3. मराठी निसर्गलेखनाने सांस्कृतिक काळ आणि लोकज्ञान या दोन गोष्टी दिल्या, ज्या व्हाइटच्या परंपरेत क्षीण आहेत. त्यांचे श्रेय मान्य करूनच कोणते विधान कोणाचे, हा प्रश्न विचारला पाहिजे.

4. अध्यापनात 'निसर्गाचे मनोहारी चित्रण' एवढ्यावर न थांबता विद्यार्थ्यांना एखादा उतारा देऊन त्यातील पाहिलेले, ऐकलेले व वाचलेले वेगळे करावयास लावता येईल. महाविद्यालयाच्या आवारातील एका झाडाची वर्षभराची नोंद, तारखेसह, मराठी व वनस्पतिशास्त्र या दोन्ही विभागांनी मिळून ठेवावी. पहिल्या वर्षी ती क्षुल्लक वाटेल. दहाव्या वर्षी, पहिले विद्यार्थी केव्हाच निघून गेलेले असताना, तिला किंमत येऊ लागेल.