'पर्यंत', 'पासून' आणि औद्योगिक वसाहतीतील इंग्रजी

कागल पंचतारांकित एमआयडीसीतील फौंड्रीत बोलणे मराठीत चालते. बाहेरगावच्या ग्राहकाला मात्र इंग्रजीतच लिहावे लागते. या स्थित्यंतरात कालवाचक शब्दांची जी गफलत होते, तिला 'चूक' म्हणून आपली व्याकरणे मोकळी होतात. हे निदान अपुरे आहे. 'पाचपर्यंत थांबा' आणि 'पाचपर्यंत माल पाठवा' या दोहोंना मराठीत एकच 'पर्यंत' पुरतो. क्रिया चालू राहणारी की एकदाच घडणारी, हे क्रियापदावरून कळते. इंग्रजी हा भेद अव्ययातही दाखवते : पहिल्यास 'टिल', दुसऱ्यास 'बाय'. 'टिल फ्रायडे' माल पाठवू, असे लिहिणारा मराठीशी प्रामाणिकच असतो. पण शुक्रवार ही अखेरची मुदत की तोवर माल येतच राहणार, हे ग्राहकाला उमगत नाही. 'दोन वर्षांपासून'चे 'सिन्स टू इयर्स' होते, तेही असेच. इंग्रजी आरंभबिंदूला 'सिन्स' आणि कालावधीला 'फॉर' योजते. (हजेरीपटावरील 'इन टाइम' ही निराळीच गंमत : उशिरा आलेल्याचाही तो असतोच!) आपण वर्गात अव्ययांच्या याद्या पाठ करून घेतो. 'रिकाम्या जागा भरा' या प्रश्नात क्रियापद आयते दिलेले असते. त्याकडे पाहण्यास विद्यार्थ्याला क्वचितच सांगितले जाते.