सरवा वेचणाऱ्या तिघीजणी

झाँ-फ्रान्स्वा मिले या फ्रेंच चित्रकाराच्या 'सरवा वेचणाऱ्या स्त्रिया' (१८५७) या चित्राला शेतकरीजीवनाचे, श्रमप्रतिष्ठेचे काव्य म्हणण्याची चाल आहे. मला ती खटकते. चित्रातल्या तिघीजणी शेतकरी नाहीतच. शेत त्यांचे नाही, पीक त्यांचे नाही, कापणीची मजुरीसुद्धा त्यांची नाही. मालकाने पीक उचलल्यावर मातीत राहिलेल्या लोंब्या त्या वेचताहेत. सरव्याच्या दाण्यांची भाकरी ज्याने खाल्ली आहे त्याला हा फरक सांगावा लागत नाही. मी खाल्ली आहे.

चित्र नीट पाहा. दोघी पार वाकलेल्या, तिसरी अर्धवट. एकीने पाठीशी नेलेल्या हातात वेचलेल्या लोंब्यांची मूठ धरली आहे. मागे दूरवर गंज्या, गाडी, कापणी करणाऱ्यांची गर्दी. सोनेरी उजेड त्या समृद्धीवर. पुढच्या तिघींचे चेहरे काळोखात. आणि उजवीकडे, क्षितिजालगत, घोड्यावर बसलेला एक इवलासा माणूस.

पॅरिसच्या प्रदर्शनात हे चित्र लागले तेव्हा १८४८ च्या क्रांतीला नऊच वर्षे झाली होती. पॉल द सँ-व्हिक्तोर या टीकाकाराला या बायांत दारिद्र्याच्या तीन नियतिदेवता दिसल्या. प्रतिष्ठित माणूस या चित्राला भ्याला, म्हणजे त्याने ते बरोबर वाचले होते. पुढे भीती ओसरली. १८८९ मध्ये चित्राला तीन लाख फ्रँक आले, १८९० मध्ये ते लूव्र संग्रहालयाला देणगी मिळाले. या बायांची 'प्रतिष्ठा' रसिकांना जाणवू लागली ती त्यांचे भय उरले नाही तेव्हा, असे माझे मत आहे.

आणखी एक गोष्ट. फ्रान्समध्ये सरवा हा गरिबांचा जुना हक्क होता. शेत पुरते मोकळे होण्याआधी किंवा सूर्योदयापूर्वी, सूर्यास्तानंतर वेचले तरच दंड. आमच्या गावात सरवा ही मेहेरबानी होती, आणि मेहेरबानी जात पाहून व्हायची. आईच्या ओटीतले दाणे शेतमालकाने परत ओतून घेतलेले मी लहानपणी पाहिले आहे.

या चित्राची छापील प्रत मी आईला दाखवली. तिने आधी घोडेस्वार शोधला. "ह्यो मुकादम का रं?" एवढेच विचारले. समीक्षेत त्याचा उल्लेख शेवटी येतो, आला तर.

मिले नॉर्मंडीतल्या शेतकऱ्याचा मुलगा, स्वतः शेतात राबलेला. वाकणे त्याने खरे रंगवले आहे, याबद्दल वाद नाही. माझी तक्रार वेगळी आहे. त्याच्या तिघी गप्प आहेत. आमच्या बाया सरवा वेचताना अखंड बोलत. बांधावरच्या माणसाला ऐकू जाणार नाही अशा बेताने त्याला शिव्या घालत, आणि हसत.