‘श्यामची आई’तील वडील

साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेली ‘श्यामची आई’ मातृमाहात्म्याचा ग्रंथ म्हणूनच वाचली गेली. तीतील कर्जबाजारी वडिलांकडे समीक्षेने फारसे पाहिले नाही. सावकाराच्या माणसाला खडे बोल सुनावते ती आई. वडील मिंधे होऊन राहतात. यास स्वभावाचा दुबळेपणा म्हणणे आम्हांस उथळ वाटते. जप्तीची दवंडी सारा गाव ऐकतो. परंतु अशा बापाच्या पाठीशी उभी राहणारी संस्था कृतीत कोठेच नाही. कोकणच्या चाकरमान्यांनी मात्र मुंबईच्या गिरणगावात गावाच्या नावे सामाईक खोल्या घेतल्या. मुलाबाळांपासून दुरावलेल्या बापांना तेथे पथारीपुरती जागा आणि अडीनडीला उसनवारी मिळे. दिघी-श्रीवर्धन पट्ट्यातील मुंबईस्थ ग्राममंडळांच्या ज्या जमाखर्चाच्या वह्या हाती लागतील, त्या एखाद्या अभ्यासकाने या ग्रंथाशेजारी ठेवून वाचाव्यात.